रियाच्या डोक्यावरचं पाणी

रेजिनामावशी घाबरट होत्या. हे मी त्यांच्या मागे बोलत नाही, तोंडावरही म्हणायचे आणि त्या मान डोलवायच्या. लागोपाठ दोनदा बेल वाजली की हातातलं काम टाकून उभ्या राहायच्या. अनोळखी नंबरचा फोन त्या उचलायच्या नाहीत, वाजता वाजताच माझ्याकडे आणून द्यायच्या. "शोभा, बघ गं, कोण गेलं." कोणी गेलेलं नसायचं, कुठल्यातरी इंग्लिश क्लासची जाहिरात असायची. सोसायटीच्या गेटपर्यंत जाऊन गॅस बंद केलाय का ते बघायला परत यायच्या. तीन मजले चढून, धाप लागलेली असताना मलाच विचारायच्या, आता खाली गेल्यावर पुन्हा तसंच वाटलं तर? आता यावर माणसानं काय बोलायचं, कप्पाळ!

जुईनगरच्या त्या सोसायटीत आमचं दार त्यांच्या दारासमोर होतं. मी घरी ब्लाउज शिवते. नवरा न्हावा शेव्याला एका कस्टम एजंटकडे कामाला, सकाळी जातो तो संध्याकाळीच उगवतो. त्यामुळे दिवसभर मी आणि मावशी, आणि दोन्ही दारं सताड उघडी. बारा वर्षं हे असं चाललं. मावशी मूळच्या वसईच्या, कॅथलिक, माहेरची केळीची वाडी. बहिणीशी फोनवर बोलायला लागल्या की त्यांची गावाकडची बोली सुरू व्हायची आणि त्यातलं मला निम्मं कळायचं नाही. माझ्याशी मात्र आपलं साधं मराठी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा नेल्सन, महाप्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत.

संध्याकाळी सात वाजता मावशी जपमाळ घेऊन बसायच्या. त्या माळेत दहा दहा मण्यांचे पाच टप्पे, एकेका टप्प्याला त्या 'रहस्य' म्हणायच्या. इतकी वर्षं म्हणून म्हणून ते त्यांच्या अंगात इतकं भिनलं होतं की स्वयंपाकाचं मापही त्यातच. एकदा मी वालाचं बिरडं किती वेळ शिजवू विचारलं, तर म्हणाल्या, दोन रहस्यं झाकण ठेव, मग मीठ घाल. मी म्हटलं, मावशी, आमच्याकडे रहस्यं नसतात, मिनिटं असतात. हसल्या, पण मिनिटांत काही सांगता आलं नाही त्यांना. शेवटी माझ्या ओट्याशी उभं राहून पुटपुटत त्यांनीच ते शिजवून दिलं.

लहानपणी त्यांच्या घरी जपमाळेच्या वेळी वडील दाराला कडी घालायचे. उशिरा आलेल्या पोरानं बाहेर ओट्यावर बसून म्हणायचं, पण म्हणायचंच. आईनं केळीची पानं कापता कापता सगळ्या प्रार्थना शिकवल्या, वाचता यायच्या आधी. म्हणून मावशींचं गणित पक्कं होतं. फादर आठवड्यातून तासभर दिसतात, बाकीचं घरानं बघायचं. पोराला जेवायला घालायचं, आंघोळ घालायची, तसंच त्याला देवापर्यंत नेऊन पोचवायचं, हे आईबापाचं काम, आणि आईबापाला जमलं नाही तर आजीचं. "वर गेल्यावर मला विचारणार नाहीत, किती माळा ओढल्या. विचारणार, तुझी पोरं कुठे आहेत?" हे सांगताना त्यांचा आवाज खरोखर कापायचा. मी हसायचे. तेव्हा हसू यायचं.

दर ऑक्टोबरला त्यांच्या लोकांत मारियामातेची मूर्ती घरोघर फिरते. एका घरी एक दिवस, दुसऱ्या दिवशी पुढच्या घरी. एका वर्षी पुढच्या घरचे लोक कुठेतरी अडकले आणि मावशींना तर वाशीच्या हॉस्पिटलात बहिणीच्या ऑपरेशनला जाऊन यायचं होतं. मूर्ती रिकाम्या घरात एकटी ठेवायची त्यांना भीती वाटली. दोन तास आमच्याकडे ठेवली. माझ्या सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी पाट मांडला, निरांजन लावलं आणि स्वतःच्या अंबाड्यातला गजरा काढून मूर्तीला घातला. मावशी पुढच्या घरच्या माणसाला घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. मला वाटलं, झालं, आता काहीतरी चुकलं. पण मावशी पुढे झाल्या, गजरा नीट केला आणि तसाच ठेवून मूर्ती पुढे पाठवली. आईला गजरा नको का, एवढंच म्हणाल्या. अशा होत्या. देवाला घाबरायच्या, पण माणसाचा हात कधी झिडकारला नाही.

नेल्सननं लग्न ठरवलं ते कोपरखैरण्याच्या पल्लवीशी. गावठाणातले जुने आगरी लोक, वडील म्हात्रेकाका. लग्न रजिस्टर झालं. त्याआधी म्हात्रेकाका मावशींच्या हॉलमध्ये येऊन बसले होते. चहा मी केला, म्हणून मला सगळं माहीत. काका शांतपणे, एकेक शब्द तोलून बोलले. "पोरगी देताव, धरम नाय देत. नातवंडाच्या डोक्यावर तुमचा पानी नको, आमचा जावल नको. मोठा झाला का त्याचा तो बघंल." पानी म्हणजे बाप्तिस्म्याचं. मावशींनी मान डोलवली. नेल्सन आणि पल्लवी दोघंही हेच म्हणत होते. दोघांनाही घरात देवाधर्मावरून भांडणं नको होती. काका गेल्यावर मावशी बराच वेळ तशाच खुर्चीत. हातातली कपबशी खाली ठेवायचंही भान नाही.

रिया झाली. नेल्सन-पल्लवी सानपाड्याला राहायचे. पल्लवी वाशीला बँकेत. रजा संपली तेव्हा तिनं पाळणाघर बघितलं नाही, सरळ मावशींकडे आली. "आई, मी तुमच्यावर सोडून जाते ती विश्वासानं," एवढंच म्हणाली. रोज सकाळी आठला रिया यायची, संध्याकाळी सहाला जायची. मावशींनी शब्द तंतोतंत पाळला. पोर गेल्यावरच सातची जपमाळ. पोर असताना तोंडातून देवाचं नाव नाही. भिंतीवरच्या क्रुसाकडे रियानं बोट दाखवलं तर मावशी घाईघाईनं तिला खिडकीतला कावळा दाखवायच्या. मला ते बघवायचं नाही. स्वतःच्या घरात ही बाई चोरासारखी वागत होती.

त्या दिवशी रिया दहा महिन्यांची होती. सकाळपासून तापलेली. पल्लवीनं औषध दिलं होतं आणि पुढचा डोस कधी ते लिहून फ्रिजला चिकटवलं होतं. मी मशीनवर बाही जोडत होते. साडेअकरा झाले असतील. समोरून मावशींचा आवाज आला, आवाज कसला, नुसता घसा फुटला. धावत गेले तर पोर त्यांच्या हातात ताठ झालेली, डोळे वर, ओठ निळे. तापात अशी फिट येते आणि जाते, हे मला आज माहीत आहे. तेव्हा मला वाटलं, पोर गेली. फोन करायला गेले तर तो हातातून पडला, पुन्हा उचलला. डॉक्टर मागच्याच गल्लीत. तिथल्या बाईंनी सांगितलं, कुशीवर घ्या, तोंडात काही घालू नका, ताबडतोब आणा. मावशींनी तिला कुशीवर वळवलं. दोन मिनिटं गेली असतील, मला ती दोन तास वाटली. मग अंग सैल पडलं, एक लांब श्वास आला आणि रिया रडायला लागली. ओठांवर रंग आला.

मी म्हटलं, चला मावशी, रिक्षा बघते. दारात चपला घालताना मागे वळून बघते तर मावशी स्वयंपाकघरात. रडणारी पोर डाव्या हातावर बेसिनवर धरलेली, उजव्या हातात पाण्याचा पेला. पाणी डोक्यावर घातलं. एकदा, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. "रिया, मी तुझा बाप्तिस्मा करते, पित्याच्या, आणि पुत्राच्या, आणि पवित्र आत्म्याच्या नावाने." आवाज मुळीच कापत नव्हता. तेवढं एकदाच मी त्यांना न घाबरता बोलताना ऐकलं. मग पदरानं पोरीचं डोकं पुसलं आणि माझ्याकडे बघितलं, आणि त्याच क्षणाला त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती येऊन बसली ती पुढे सात वर्षं हलली नाही.

डॉक्टर म्हणाले घाबरण्यासारखं काही नाही. पल्लवी वाशीहून धावत आली, मावशींच्या गळ्यात पडून रडली, आई तुम्ही होतात म्हणून, आई तुम्ही होतात म्हणून. मावशी लाकडासारख्या उभ्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, रिया झोपल्यावर, त्यांनी मला सगळं सांगितलं. कोणाचा जीव जायची वेळ आली तर फादरची वाट बघायची नसते. कोणीही पाणी घालावं, ते शब्द म्हणावेत, बाप्तिस्मा पुरा होतो. त्यांच्या गावात हे प्रत्येक बाईला आई शिकवते, सुईणींनाही यायचं. मी म्हटलं, मग झालं तर, पोर मरायला टेकली होती, तुमचं काय चुकलं? मावशींनी खिडकीकडे तोंड फिरवलं. "वेळ टळली होती, शोभा. पोर रडत होती. मला दिसत होतं. तरी मी घातलं." का, विचारलं तर म्हणाल्या, पुन्हा आली असती तर? आणि मग खाली मान घालून खरं ते बोलल्या, की अशी संधी पुन्हा मिळणार नाही असंही मनात येऊन गेलं.

मी त्यांना म्हटलं, पाणीच तर आहे, वाळलं, संपलं, तोंडाला कुलूप लावा. माझ्या दृष्टीनं संपलंच होतं. त्यांच्या दृष्टीनं आता सुरू झालं होतं. 'आई, जरा बोलायचं होतं' असं पल्लवी म्हणाली, अगदी दुधाच्या पिशवीबद्दल जरी असलं, तरी मावशींचा चेहरा पांढरा. पापनिवेदनाला त्या नेहमीच्या चर्चमध्ये गेल्या नाहीत, पडद्याआडूनही फादर आवाज ओळखतील म्हणून दोन रिक्षा बदलून लांब गेल्या. तिथल्या फादरनी सांगितलं, बाई, मुलीच्या आईला सांगा. ते काही जमेना. आणि सांगत नाही तोवर देवासमोर कुठल्या तोंडानं जायचं म्हणून मावशींनी मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, फादरच्या हातून प्रभूभोजनाचा पाव घेणं बंद केलं. रविवारी चर्चला जायच्या, सगळे रांगेत उठले की या बाकावर बसून राहायच्या. सात वर्षं. नेल्सन चर्चला जायचाच नाही, त्याला कसं कळणार? एकदा मीच विचारलं, नरकाची भीती वाटते का. म्हणाल्या, वाटते ना, फार वाटते. पण पोर तर पोचली.

मग रिया तिसरीत गेली; शाळा दुपारची, त्यामुळे सकाळी आठला ती अजून मावशींकडेच यायची. तिच्या वर्गातली एक मैत्रीण पांढरा फ्रॉक घालून पहिल्या कम्युनिअनची, म्हणजे पहिल्या प्रभूभोजनाची तयारी करत होती, आणि रियानं घरी विचारलं, आपण कोण आहोत? पल्लवीनं बरेच दिवस विचार केला असावा. वडिलांशीही बोलली. एका रविवारी नेल्सनला घेऊन ती मावशींकडे आली, मलाही हाक मारली. म्हणाली, "आई, आठ वर्षं तुम्ही शब्द पाळलात. एकदाही चर्चला नेलं नाहीत, एक ओळ शिकवली नाहीत. मी बघत होते. म्हणून मीच बाबांना सांगितलं, आपण रियाचा बाप्तिस्मा करूया." नेल्सन हसत होता. रिया टाळ्या पिटत होती. मला समोरची भिंत सरकल्यासारखी वाटली. मावशी उठून पाणी आणायच्या निमित्तानं आत गेल्या आणि बाहेर आल्याच नाहीत.

बाप्तिस्मा एकदाच होतो. दुसऱ्यांदा करायचा नसतो, जाणूनबुजून केला तर ते मोठं पाप. मावशींनी हे मला दुसऱ्या दिवशी माझ्या मशीनपाशी बसून समजावलं, लहान मुलाला समजवावं तसं. गप्प राहिल्या तर वेदीसमोर देवाशी खोटं. बोलल्या तर पल्लवी पोर घेऊन जाणार. आणि चर्चला साक्षीदार लागणार, तो साक्षीदार मी. माझं डोकंच फिरलं. म्हात्रेकाकांचं घर, माझा नवरा, धर्माच्या भानगडी, उद्या कोणी काय बोलेल. मी तोडून टाकलं, मावशी, मला यात ओढू नका. त्यांनी मान डोलवली आणि उठून गेल्या. तीन दिवस मी दार बंद ठेवून शिवत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्या तीन दिवसांची मला अजून लाज वाटते.

चौथ्या दिवशी मी गेले. त्यांनी गॅसवर काही ठेवलेलं नव्हतं. मी म्हटलं, येते मी चर्चला, साक्षीला.

चर्चच्या ऑफिसात तरुण फादर फॉर्म भरत होते. रियाला बाहेर बागेत पाठवलं होतं. नाव, जन्मतारीख, आईबाप. मग त्यांनी सहज, सगळ्यांना विचारतात तसं विचारलं, याआधी कुठे बाप्तिस्मा झालेला नाही ना? नेल्सन म्हणाला, नाही. मावशी म्हणाल्या, झालाय. नेल्सनला आधी ती चेष्टा वाटली. मावशींनी सगळं सांगितलं, मधे एकदाही न थांबता. फादरनी मला विचारलं, तुम्ही ऐकलंत? काय शब्द होते? मी हिंदू बाई, पण मला ते शब्द पाठ होते. सात वर्षं ते माझ्याही मागे लागले होते.

पल्लवीनं एकच प्रश्न विचारला. "आई, फिट चालू होती तेव्हा, की नंतर?"

माझ्या ओठावर आलं होतं, चालू होती. एवढं एक वाक्य बोलले असते तर सगळं निभावलं असतं. फादरही मान हलवत होते, तशी वेळ असेल तर चूक नाही म्हणून. मी तोंड उघडलं, पण मावशी आधी बोलल्या.

"नंतर. ती रडत होती."

पल्लवी उठली. बाहेर जाऊन तिनं रियाचा हात धरला. गाडीचा दरवाजा लागल्याचा आवाज आम्हाला आत ऐकू आला.

रिया सानपाड्याच्या पाळणाघरात जायला लागली. नेल्सन फोन करायचा, दोन मिनिटं, औषधं घेतलीस का वगैरे. त्याच्या पुढच्या रविवारी मावशींनी सात वर्षांनी प्रभूभोजन घेतलं. घरी येऊन मला सांगितलं तेव्हा रडल्या, पण तो आनंद होता की काय होतं, मी विचारलं नाही. सकाळी आठ वाजता दार उघडून उभ्या राहायच्या, सवयीनं. मग आपलं आपल्यालाच काहीतरी वाटून आत जायच्या. मला भीती वाटायला लागली की ही बाई अशी उभ्या उभ्याच कोसळणार. दोन महिने गेले, तिसरा लागला.

मग पल्लवीचा फोन आला, मावशींना नाही, मला. शनिवारी सकाळी दहाला चर्चच्या ऑफिसात या, आईंना घेऊन या, तुमची सही लागेल. बाकी काही बोलली नाही. सही म्हटल्यावर मावशी हादरल्या. पोलिसांत द्यायचंय का? लिहून घ्यायचंय का, पुन्हा पोरीला भेटणार नाही म्हणून? मी म्हटलं, मला काय माहीत, चला तर खरं. ऑफिसच्या बाहेर बदामाच्या झाडाखाली एक बाक आहे. मावशी तिथे बसल्या आणि काही केल्या आत यायला तयार होईनात. तू जा, तू बघ, म्हणाल्या. मी एकटीच आत गेले.

टेबलावर जाडजूड रजिस्टर उघडं होतं. फादर सांगत होते, पाणी पुन्हा घालायचं नाही, बाप्तिस्मा झाला तो झाला, त्याची नोंद तेवढी करू. तेल, पांढरं वस्त्र, मेणबत्ती, हे विधी पुढे कधीही, तुम्ही म्हणाल तेव्हा. पण आईची इच्छा असेल तरच. पल्लवी रजिस्टरकडे बघत होती. बोलली ती माझ्याकडे बघून. "शोभामावशी, मला राग पाण्याचा नाही. सात वर्षं रोज सकाळी मी माझी पोर त्यांच्या हातात देत होते, आणि त्या मला घाबरत होत्या. रोज. मी कोण होते त्यांची?" नेल्सननं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिनं काढला नाही. फादरनी हळूच विचारलं, बाप्तिस्मा देणाऱ्याच्या रकान्यात काय लिहू? पल्लवीनं डोळे पुसले. "रेजिना पास्कल लोपीस. मुलीची आजी. तेही लिहा." आणि मग ती दोन्ही हातांत तोंड घेऊन रडायला लागली, मोठ्यानं, लहान मुलीसारखी.

साक्षीदार म्हणून मी सही केली, सही वाकडी आली. बाहेर आले. मावशी मला येताना बघून उठून उभ्या राहिल्या, एका हातानं बाक घट्ट धरलेला. मला वाटलं विचारतील, काय ठरलं. रियाला भेटू देणार का. मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानं मला थांबवलं. कान ऑफिसच्या खिडकीकडे.

"आत कोण रडतंय?"

मी म्हटलं, पल्लवी.

"मग मी इथे काय करते आहे?" म्हणाल्या. माझ्याकडे पुन्हा बघितलंही नाही. त्यानंतर मावशी जाईपर्यंत आम्ही रोजच भेटत होतो, पण डोळ्यांपुढे येतात त्या अशाच. चेहऱ्यावर तीच जुनी भीती, पायात घाई, आणि दार न ठोठावता ढकलून आत जाणाऱ्या.